कबुली देण्याआधी वकील गाठा



आमच्या पॅरिशमधल्या एक वयस्कर बाई दुकानात असताना मुलीचा फोन आला. बोलता बोलता तेलाची बाटली ट्रॉलीऐवजी पिशवीत गेली. बाकी सामानाचं बिल दिलं आणि दारातच अडवलं. कोर्टात कुणीतरी सांगितलं, "कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा." लाजेपोटी त्यांनी मान डोलावली.

आता अपील करायचं म्हणतात. पण गुन्हा कबूल केलेला असला की अपिलात फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढंच बघतात. कोर्टातली कबुली म्हणजे कुमसार नव्हे हो!

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो आणि तो सिद्ध करायचा सरकार पक्षाने. मनातलं कोर्टाला दिसत नाही, म्हणून वागण्यावरून ताडतात. वस्तू लपवली का, बाकीचे पैसे दिले का, अडवल्यावर काय बोलल्या? यातलं बरंचसं बाईंच्या बाजूचं होतं. मांडलंच नाही कुणी.

कबुली दिली नसती, तर मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात 30 दिवसांत अपील करता आलं असतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील देतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत 5000 रुपयांखालच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. मग कबूल करायला काय हरकत, असं काहीजण विचारतात. हरकत आहे. शिक्षा हलकी झाली तरी दोषी ते दोषीच.

तीन रविवार झाले, बाई मिस्साला शेवटच्या बाकावर बसतात आणि सगळ्यांच्या आधी उठून जातात.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव