श्वासाचा हिशेब कोण ठेवणार?

२०२१ साली स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीने पीडित बालकांसाठी सोळा कोटी रुपये किमतीच्या इंजेक्शनाकरिता महाराष्ट्रात वर्गण्या गोळा झाल्या आणि तुटपुंज्या पगारातल्या माणसांनीही त्यांना हातभार लावला. त्या दातृत्वाचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. परंतु स्नायुदौर्बल्याचे विकार अखेरीस ज्या वाटेने बहुधा घात करतात, त्या श्वासाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. आणि तेथे कामी येणारे, मुखवट्यावाटे श्वास पुरविणारे ‘बायपॅप’ यंत्र तर लाखाच्या आतबाहेर मिळते.

या रुग्णांची फुप्फुसे मुळात धड असतात. भाता हलविणारे स्नायू तेवढे थकलेले असतात. झोपेत हा थकवा उघडा पडतो. रात्रभर कार्बन डाय-ऑक्साइड साचत जातो, सकाळी डोके ठणकते, दिवसा पेंग येते. धाप मात्र लागत नाही, कारण चाकांच्या खुर्चीतल्या मुलाला धाप लागण्याइतके श्रम कुठले? वर्गात डुलक्या घेणारा असा विद्यार्थी दिसला, तर शिक्षकांनी त्यास आळशी ठरविण्याआधी त्याची झोप कशी होते एवढे घरी विचारावे.

हा वायू भल्याभल्यांना चकवितो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडल्याने यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तातील बदल डॉक्टरांना दिसत होता, पण त्याचा अर्थ उलटा लावला जात होता. हा कोंडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचा परिणाम आहे, हे ओळखले ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने. त्याने श्वासनलिकेत छिद्र करून रबरी पिशवीने हातांनी श्वास देण्याचा मार्ग दाखविला, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून त्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

इतक्या वर्षांनंतरही तीच चूक निराळ्या रूपाने घडते. बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा उतरलेला दिसला की सिलिंडर जोडला जातो. आकडा सुधारतो, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. परंतु साचलेला वायू तसाच राहतो, कित्येकदा वाढतो, आणि रुग्ण शांतपणे गुंगीत जातो. न्यूमोनिया असेल तर प्राणवायू लागेलही, पण भात्याला जोर दिल्यावाचून तो एकटा पुरा पडत नाही.

हा जोर वेळेवर मिळाल्यास काय साधते? इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २००२ साली ड्युशेन विकाराच्या मुलांचा हिशेब मांडला. १९६०च्या दशकात मृत्यूचे सरासरी वय १४ वर्षांच्या आसपास होते; १९९० नंतर घरी रात्री यंत्रावर श्वास मिळालेल्यांचे ते २५ वर्षांवर गेले. मूळ रोग बरा झालेला नसताना हे घडले.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याने मस्क्युलर डिस्ट्रॉफीस यादीत स्थान दिले आहे. तेव्हा प्रमाणपत्रासाठी हातापायांचे बळ तपासले जाते, त्याच वेळी रुग्णास बसवून व निजवून श्वासाची क्षमता मोजावयास काय हरकत आहे? निजल्यावर ती फार घटली तर श्वासपटल दुबळे झाले, एवढे त्यावरून उमगते. ज्यास गरज आहे त्यास जिल्हा रुग्णालयाने यंत्र उसने द्यावे, सोबत बॅटरीही द्यावी. कारण आपल्याकडे वीज रात्रीच जाते. आणि कफ निघावा म्हणून पिशवीने छाती फुगवून खोकताना पोट कसे दाबावे, हे घरच्या माणसांस परिचारिकेने प्रत्यक्ष करून दाखवावे. हे शिकावयास दुपार पुरते, आणि त्यास खर्च जवळजवळ नाहीच.