वाचलेली मुले आणि अपुरी मोजपट्टी

ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवडे पुरे होण्याआधीच जन्मलेल्या आणि त्यातून वाचलेल्या मुलांची दीर्घकाळ पाहणी झाली. सहाव्या वर्षी प्रमाणित चाचणीच्या निकषांवर त्यांतील २१ टक्के मुले बुद्धीने फार मागे पडलेली आढळली. वर्गातील सोबत्यांशी तुलना करताच हा आकडा ४१वर गेला. मोजपट्टी बदलताच गरज दुप्पट दिसू लागते, हे अंदाजपत्रके करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मेंदूला घड्या पडतात, त्याचे आकारमान झपाट्याने वाढते. या मुलांच्या बाबतीत ते काम काचेच्या पेटीत, नळ्यासुयांच्या संगतीत व्हावे लागते. परिणाम मात्र पुष्कळदा शाळेतच उघड होतो: गणित जमत नाही, लक्ष टिकत नाही आणि मूल आळशी ठरते.

भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बालके अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वाधिक. बहुसंख्य इतकी लवकर जन्मत नाहीत, हे खरे. तरीही अतिदक्षता कक्षातील खाटा मोजता येतात, पुढील दहा वर्षे मोजली जात नाहीत. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा केंद्रांची तरतूद आहे. पण शाळेच्या नोंदवहीत केवळ जन्मतारीख असते, मूल कितव्या आठवड्यात जन्मले हे वर्गशिक्षकाला कोणी सांगत नाही.