काळी मारबत आणि बांकाबाईंची कैफियत

पोळ्याच्या करीला नागपुरात इतवारीच्या दाटीतून काळी मारबत, म्हणजे शेवटी जाळावयाचा स्त्रीचा पुतळा, निघते, तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळीत साऱ्या शहराची इडापीडा, खोकला आणि ताप तिच्या माथी दिला जातो. आणि जी माउली घटकेपूर्वी आपले तान्हे लेकरू तिच्या पायांवर घालते, तीच तिला जळताना पाहावयास पुढे सरसावते. भय आणि भक्ती यांची ही गाठ पुरातन आहे. ग्रीसमध्ये आप्तहत्येचा सूड घेणाऱ्या एरिनीज देवींचे नाव उच्चारावयास लोक कचरत, आणि आपण ज्या धाकाने ‘देवी आल्या’ म्हणत असू, त्याच धाकाने त्यांना ‘पूज्य देवी’ म्हणत. इ.स.पू. 458 मध्ये नाटककार एस्किलसने त्यांची फिर्याद रंगभूमीवर अथेन्सच्या न्यायसभेपुढे मांडली. मते समसमान पडून मातृघातकी ओरेस्टीस सुटला, तेव्हा भूमी नापीक करावयास उठलेल्या त्या देवींची नगरदेवता अथेनेने समजूत घातली, आणि त्याच भूमीच्या उदरात त्यांना घर व पूजेचा मान दिला.

आम्ही नागपूरकरांनी काय केले? 1881 पासून निघणाऱ्या काळ्या मारबतीला, इंग्रजांना साथ दिल्याच्या आरोपावरून, भोसले राजघराण्यातील बांकाबाईंचे नाव चिकटवले, पण त्यांची जबानी एकदाही घेतली नाही. आरोप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, 1857 च्या धामधुमीत बांकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही, हे खरेच. परंतु 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढल्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, वाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात गेले, दरबारचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीत कवडीमोलाने विकले गेले, तेव्हा या विटंबनेविरुद्ध संतापून उभी राहिलेली वृद्ध विधवा हीच होती. 1858 मध्ये त्या निवर्तल्या. पुतळा उभा राहिला तो त्यानंतर तेवीस वर्षांनी.

मारबत जाळूच नये, असे माझे म्हणणे नाही. गावाच्या रोगराईचे ओझे तिने खुशाल न्यावे. पण त्या ओझ्यातून बांकाबाईंचे नाव उतरवावे, आणि पुढल्या वर्षी बांबूच्या कामट्या बांधून तिचा सांगाडा उभा करताना भोवती जमलेल्या पोरांना जाणत्यांनी सीताबर्डीत विकल्या गेलेल्या त्या बैलांची हकीगतही सांगावी.