उघड्या प्रॉक्सीला बंद दरवाजा

गप्पांच्या सर्व्हरशी जोडणी व्हावी आणि क्षणार्धात ‘आपल्या संगणकावर उघडी प्रॉक्सी आढळल्याने प्रवेश बंद’ असा संदेश झळकावा, हा अनुभव ‘आयआरसी’ वापरणाऱ्यांना नवा नाही. संगणकाच्या मालकाने बहुधा काहीच केलेले नसते. तरीही बंदी येते ती त्याच्याच पत्त्यावर.

फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये ही गप्पांची व्यवस्था उभारली. तेथे नाव कोणतेही घेता येते. त्यामुळे उपद्रवी माणसाला रोखण्यासाठी चालकांच्या हाती मुख्यत्वे एकच खूण उरते, ती म्हणजे त्याचा आयपी पत्ता. उघडी प्रॉक्सी नेमकी हीच खूण पुसते. कोणाही अनोळखी व्यक्तीची विनंती स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठविणारे असे शेकडो संगणक हाताशी असले, की एकच माणूस शेकडो नावांनी चॅनेल भरून टाकू शकतो.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक इंटरनेट जोडणी अनेक संगणकांना वाटून देणारे ‘विनगेट’ लोकप्रिय झाले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मूळ मांडणीतच बाहेरच्यांनाही वाट देत. २००३ मधील ‘सोबिग’ विषाणूने तर मालकांच्या नकळत त्यांच्या संगणकांवर प्रॉक्सी बसविली.

यावर सर्व्हरचालकांनी शोधलेली युक्ती साधी आहे. जोडणी येताच तपासनीस प्रोग्राम उलट त्या संगणकाच्या १०८०, ३१२८, ८०८० अशा पोर्टवर जातो आणि आपल्याच सर्व्हरपर्यंत पोहोचविण्याची विनंती करतो. ती मान्य झाली, की पुरावा हाती आला. नुसते पोर्ट उघडे असणे हा गुन्हा नव्हे, हे येथे महत्त्वाचे. गंमत अशी, की अनेकांचे फायरवॉल या तपासणीलाच हल्ला समजते आणि तक्रार होते ती सर्व्हरचालकाचीच!

खरी अडचण निराळीच आहे. पत्ता म्हणजे माणूस नव्हे. ब्रॉडबँडचा पत्ता आज एकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असतो. भारतातील मोबाइल जाळ्यांवर तर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात. त्यांतील एकाचे यंत्र बाधित झाले, तरी शिक्षा साऱ्यांना होते. ओळख लपविणे ज्यांची गरज आहे, तेही यात भरडले जातात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘लिबेरा चॅट’ने ‘टॉर’मार्गे येणाऱ्यांना नोंदणीकृत खात्याच्या अटीवर प्रवेश ठेवला, ही तडजोड त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. इतरांनी मात्र आधी प्रॉक्सी बंद करावी आणि मगच यादीतून पत्ता वगळण्याचा अर्ज करावा; अन्यथा पुढच्या तपासणीत तोच पत्ता पुन्हा यादीत जातो.