लाल दिव्यावर सायकलला डावीकडे वळू द्या! पुणेकरांना जाहीर आवाहन

पुणेकरहो,

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतील. पाठीला दप्तर, अंगावर रेनकोट आणि रस्त्यावर पावसाचा चिकचिकाट, अशा थाटात मुले पुन्हा सायकलवर टांग मारतील. त्याआधी शहरातल्या निवडक चौकांत एक छोटी पाटी लागावी, यासाठी हे आवाहन आहे. पाटीचा अर्थ एवढाच: सिग्नल लाल असला तरी सायकलस्वाराने पूर्ण थांबून, पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन, मग डावीकडे वळायला हरकत नाही. ही मुभा फक्त सायकलला असेल. मोटारसायकल, रिक्षा आणि मोटार यांना ती नसेल.

अशी पाटी लावायला उड्डाणपूल बांधावा लागत नाही, जागा ताब्यात घ्यावी लागत नाही, झाड तोडावे लागत नाही. अडते ते एवढ्यावरच, की कुणी लेखी मागतच नाही. ते मागणे आपण सगळ्यांनी मिळून, येत्या काही दिवसांत करायचे आहे.

सिग्नल सुटतो तेव्हा

मागणी कशासाठी, हे कळायला कोणत्याही गर्दीच्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे. सायकलवाला डाव्या कडेला थांबलेला असतो. त्याच्या उजवीकडे पीएमपीची बस किंवा खडी भरलेला डंपर येऊन उभा राहतो. पुढे दुचाकींचा घोळका असतो, तो झेब्रा पट्ट्यांच्याही पुढे गेलेला. सिग्नल सुटला की इंजिने एकदम उसळतात. सायकलला मात्र शून्यातून वेग घ्यायचा असतो. पहिली दोन-चार पायडल मारताना हँडल डुगडुगते, तोल सावरावा लागतो. त्याच क्षणी शेजारची बस डावीकडे वळायला लागते.

लांब वाहन वळताना त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही. ते आतल्या बाजूने, फुटपाथच्या जवळून कापत जाते. सायकलस्वार असतो तो नेमका तिथेच. उंच केबिनमधल्या चालकाला दरवाजाच्या खाली, अगदी लगत उभी असलेली सायकल दिसत नाही. चालक बेफिकीर असो वा सावध, आरशात जे दिसत नाही ते त्याला टाळता येत नाही.

हा धोका लंडनमध्ये मोजला गेला आहे. तिथेही वाहतूक आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणून तो दाखला आपल्याला जवळचा. १९९९ ते २००४ या काळात लंडनमध्ये अपघातात मरण पावलेल्या स्त्री सायकलस्वारांपैकी ८६ टक्के जणींचा मृत्यू ट्रकशी झालेल्या अपघातात झाला होता. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के होते. शहराच्या वाहतूक यंत्रणेसाठी झालेल्या अभ्यासाने त्याचे एक संभाव्य कारण मांडले: स्त्रिया लाल दिवा अधिक पाळत होत्या आणि त्यामुळे ट्रकच्या शेजारी, चालकाला न दिसणाऱ्या जागेत थांबून राहत होत्या. नियम पाळणारी व्यक्तीच धोक्यात सापडत असेल, तर नियमाची आखणी तपासायला हवी.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे सगळे चौकात वळताना गेले असे नाही. पण डाव्या वळणावरचा हा धोका आपल्याला कमी खर्चात कमी करता येण्यासारखा आहे. पाच-दहा सेकंद आधी निघालेली सायकल बस हलायच्या आत वळून पलीकडच्या रस्त्याला लागलेली असते. बसचालकालाही ती समोर दिसते.

हे दुसरीकडे झाले आहे

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्येच सायकलस्वारांसाठी वेगळा नियम केला. आज तिथे 'स्टॉप'च्या पाटीपाशी सायकलस्वाराने वेग कमी करून, वाट मोकळी असेल तर पुढे जायचे असते आणि लाल दिव्यापाशी पूर्ण थांबून, इतरांना वाट देऊन मग जायचे असते. जेसन मेग्ज या अभ्यासकाने २०१० मध्ये तिथली आकडेवारी तपासली. कायदा आल्यानंतरच्या वर्षी सायकलस्वारांच्या दुखापती १४.५ टक्क्यांनी घटल्या होत्या. एका वर्षाच्या घटीचे सारे श्रेय कायद्याला देता येणार नाही. परंतु सूट दिली की रस्त्यावर हाहाकार माजेल, ही भीती मात्र खरी ठरली नाही.

पॅरिसची पद्धत आपल्या मागणीच्या अधिक जवळची आहे. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे मुभा उजव्या वळणाची. २०१२ मध्ये पॅरिसने १५ चौकांत प्रयोग केला. सिग्नलच्या खांबावर लाल किनारीचा उलटा त्रिकोण आणि त्यात पिवळी सायकल व बाण, अशी छोटी पाटी लावली. जिथे पाटी असेल तिथेच मुभा, आणि पादचाऱ्याचा हक्क पहिला. प्रयोगाचे निष्कर्ष पाहून २०१५ मध्ये शहराने ही पद्धत अठराशेहून अधिक चौकांत नेण्याचे ठरवले. जर्मनीने एप्रिल २०२०मध्ये केवळ सायकलींसाठीच्या हिरव्या बाणाची पाटी वाहतूक नियमांत आणली. तिथे वळण्यापूर्वी पूर्ण थांबणे सक्तीचे आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरातल्या चाचणीनंतर १ जानेवारी २०२१ पासून देशभर अशी पाटी लावता येऊ लागली.

यातला कोणता नमुना घ्यावा? पुण्याने जर्मनीचा कडक नमुना घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. सायकल हळू करणे पुरेसे नाही. थांबा, पाय टेकवा, उजवीकडे आणि झेब्रावर पाहा, मगच वळा. ही शिस्त नसेल तर आम्हालाही ही सूट नको.

कायदा आड येत नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यात पायडलची सायकल बसत नाही. याचा अर्थ सायकलला सिग्नल लागू नाही असा कुणी काढू नये. सायकल रस्त्यावर कशी चालवावी याचे नियम करण्याचा अधिकार पोलिसांना महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ ने दिला आहे. त्या कायद्याच्या कलम ३३ मध्ये रस्त्यावरून चालणाऱ्या, घोड्यावरून जाणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या लोकांचे नियमन असा उल्लेखच आहे. पोलीस आयुक्त आपल्या हद्दीत असे नियम करू शकतात.

शिवाय पुण्याला प्रयोग नवे नाहीत. कोणता रस्ता एकेरी करायचा, कुठली वळणे बंद करायची, यासाठी वाहतूक शाखा 'प्रायोगिक तत्त्वावर' आदेश काढते, नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवते आणि मग अंतिम निर्णय घेते. हीच वाट सायकलच्या डाव्या वळणासाठी चालेल. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकल मार्गांचे जाळे आखले होते. ते जाळे कधी पुरे व्हायचे ते होवो. पण जिथे मार्ग आहेत तिथेही ते बहुतेकदा चौकाच्या अलीकडे संपतात, आणि सर्वांत मोठा धोका सुरू होतो तो तिथूनच. पाटीने हे तुटलेले टोक थोडे तरी सांधता येईल.

हरकती आणि उत्तरे

"आधीच पुण्यात कुणी सिग्नल पाळत नाही, त्यात ही सूट!" ही पहिली हरकत. आज डावीकडे वळणारे कितीतरी सायकलस्वार लाल दिव्यावर न थांबताच निघून जातात, हे खरे आहे. त्यांना वळताना कुणाला आधी जाऊ द्यायचे, हे कुठेही लिहिलेले नाही. पाटी आली की अट येते, आणि अट मोडणाऱ्याला हटकता येते.

"पादचाऱ्यांचे काय?" ही हरकत सर्वांत वजनदार आहे. झेब्रावरून चालणाऱ्या आजोबांना सायकलची घंटी ऐकून दचकावे लागले, तर आमची मागणी फसली असे आम्हीच म्हणू. म्हणूनच फ्री लेफ्ट आणि ही मागणी यांत गल्लत नको. फ्री लेफ्टमध्ये मोटारी आणि बसदेखील न थांबता वळतात आणि पादचाऱ्याला रस्ता ओलांडायला फटच मिळत नाही. जिथे पादचाऱ्यांची सतत रीघ असते, शेजारी रुग्णालय किंवा मंडई आहे, तिथे पाटी लावू नये. शंका असेल तो चौक वगळावा.

"दुचाकीवाले मागोमाग घुसतील." घुसतील, काही जण नक्कीच घुसतील. पण दुचाकीला नंबर प्लेट असते, चौकात कॅमेरा असतो आणि पावती घरपोच येते. म्हणून पहिले चौक असे निवडावेत की जिथे कॅमेरा चालू आहे आणि गर्दीच्या वेळी पोलीस हजर असतो. मुंबई-बंगळुरू महामार्गालगतचे चौक, नवले पुलाचा परिसर, स्वारगेटचा जेधे चौक अशी अवजड वाहनांची ठिकाणे पहिल्या टप्प्यात धरूच नयेत.

"आता सायकल चालवतो कोण?" पहाटे घराघरांत पेपर टाकणारी मुले, सोसायटीच्या रात्रपाळीहून परतणारे वॉचमन, बांधकामावर निघालेले गवंडी, शिकवणीला जाणाऱ्या मुली. २०११ च्या जनगणनेत देशभरात शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचे नाव झाले ते अशाच लोकांमुळे. त्यांच्याकडे वर्तमानपत्राला पत्र लिहायला वेळ नसतो, म्हणून ते नाहीतच असे समजणे बरोबर नाही.

आपण काय करायचे

१. शाळा सुरू होण्याआधी एक पत्र लिहा. एक प्रत पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांना आणि दुसरी महापालिकेच्या पथ विभागाला. पोच घ्या. मजकूर असा ठेवता येईल:

"महोदय, आमच्या भागातील ______ चौकात डावीकडे वळणाऱ्या सायकलस्वारांना सिग्नल सुटताच मोठ्या वाहनांचा धोका होतो. या चौकाची पाहणी करून, लाल दिव्यावर पूर्ण थांबून आणि पादचाऱ्यांना प्राधान्य देऊन डावीकडे वळण्याची मुभा फक्त सायकलींना, पाटी लावून, सहा महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर द्यावी. प्रयोगाच्या आधीच्या आणि नंतरच्या अपघातांची नोंद नागरिकांसाठी जाहीर करावी, ही विनंती."

२. चौकाचे नाव लिहिण्याआधी तिथे सकाळी आणि संध्याकाळी जाऊन या. किती सायकली डावीकडे वळतात, किती माणसे झेब्रावरून जातात, बस आणि ट्रक कुठल्या वेळी येतात, हे वहीत टिपा आणि पत्राला जोडा. "फार धोका आहे" या वाक्यापेक्षा या टिपणाला जास्त वजन येईल.

३. मुख्याध्यापकांना विनंती: आपल्या शाळेतली सायकलवरून येणारी मुले कोणत्या चौकातून येतात, याची यादी करा आणि शाळेच्या पत्रावर ती पाठवा. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत हा विषय घ्या.

४. पीएमपीच्या आणि डंपरच्या चालकांना विनंती: सिग्नल सुटल्यावर डावीकडे वळण्यापूर्वी एक क्षण डाव्या आरशात पाहा. आणि मालकांनो, तो आरसा फुटलेला असेल तर आजच बदला.

५. आपल्या नगरसेवकाला भेटा. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवते, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात या पाटीचे आणि सायकलींसाठी थांबण्याच्या रंगवलेल्या जागेचे काम सुचवा.

६. सायकलस्वारांना कळकळीची विनंती: जोवर आदेश निघत नाही आणि पाटी लागत नाही, तोवर लाल दिवा आपल्यालाही लाल दिवाच आहे. बसच्या किंवा ट्रकच्या डावीकडे लगटून उभे राहू नका. जमेल तर त्याच्या मागे थांबा. फार गर्दी असेल तर उतरून, सायकल हाताने धरून झेब्रावरून वळा. आपल्यातल्या एकाने पादचाऱ्याला धक्का दिला, तर या मागणीची फाइल बंद व्हायला तेवढे पुरेल.

३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. त्या दिवशी फेऱ्या निघतील, टी-शर्ट वाटले जातील, फोटो छापून येतील. यंदा त्या फेरीला जाताना खिशात हे पत्र ठेवा आणि फेरी संपली की सरळ कार्यालयात नेऊन द्या. पॅरिसने १५ चौकांपासून सुरुवात केली होती. पुण्याने पाच चौकांपासून करावी. ते पाच चौक कोणते, हे तुमच्या पत्रांवरून ठरू द्या.