विजेची बेगमी

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर योजना जाहीर करून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचा संकल्प सोडला आणि तीन किलोवॉटच्या संचासाठी ७८,००० रुपयांचे अनुदान देऊ केले, तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत सौर विजेविषयी जे औत्सुक्य निर्माण झाले आहे त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र संच बसून पहिले घटलेले बिल हाती पडते न पडते तोच गृहस्थाच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहतो, तो असा की याला बॅटरी जोडावी काय? विक्रेत्यांकडून या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी मिळते, आणि भविष्याच्या धास्तीने अनेक जण ते मान्यही करतात. माझे मत याहून वेगळे आहे. ज्यांना बॅटरीवाचून काही अडत नाही, त्या शहरी कुटुंबांना ती आग्रहाने विकली जात आहे. आणि ज्यांना तिची खरी निकड आहे, त्या किनारपट्टीवरील आणि डोंगराळ तालुक्यांतील कुटुंबांकरिता सरकारी योजनेत तिची तरतूदच नाही.

प्रथम एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास केला पाहिजे. छपरावर पॅनेल आहेत, डोक्यावर लख्ख ऊन आहे, म्हणजे लाइट गेली तरी आपले पंखे फिरत राहतील, अशी पुष्कळांची भाबडी समजूत असते आणि पहिल्याच खंडित पुरवठ्यात ती धुळीस मिळते. महावितरणाच्या वाहिनीशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा थांबताच दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करून घेतो, आणि हा त्याचा दोष नसून त्याचे कर्तव्य आहे. कारण खांबावर चढलेला वायरमन ज्या तारेला निर्जीव मानून हात लावतो, तिच्यात एखाद्या घराच्या छपरावरून वीज येत राहिली तर त्याच्या प्राणावर बेतेल. तेव्हा पुरवठा नसताना पॅनेलांकडून काम करवून घ्यायचे, तर घराची वायरिंग बाहेरच्या वाहिनीपासून क्षणात विलग करणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याला आधार देणारी बॅटरी या दोहोंची आवश्यकता असते. बॅटरीचे खरे प्रयोजन हे आहे.

बिल कमी करणे हे मात्र तिचे प्रयोजन नव्हे, निदान नेट मीटरिंगची सध्याची पद्धत अंमलात आहे तोवर नव्हे. आपल्या हवामानात तीन किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो; त्यांतील जी दुपारी वापरली जात नाही ती वाहिनीत जाते, मीटर तिची नोंद ठेवतो, आणि रात्रीच्या वापरातून ती युनिटास युनिट या प्रमाणात वजा होते. हीच वीज बॅटरीत साठवली तर भरताना आणि काढताना लिथियम बॅटरीतही सुमारे दहावा हिस्सा वाया जातो, जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्ल बॅटरीत त्याहून अधिक. शिवाय पॅनेलांची हमी पंचवीस वर्षांची असली तरी चांगल्या लिथियम बॅटरीची ती साधारण दहा वर्षांचीच असते. अखंड पुरवठा असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरात निव्वळ बचतीसाठी बॅटरी घेणे म्हणजे विनामूल्य मिळणारी सेवा विकत घेणे होय, आणि हा जमाखर्च ग्राहकापुढे मांडल्यावाचून बॅटरी विकणे मला अप्रामाणिक वाटते.

यावर असा आक्षेप येईल की आजचे नियम उद्या राहतीलच याचा भरवसा काय? हा आक्षेप निराधार नाही. दिवसा निर्माण झालेली युनिटे रात्रीच्या वापरातून वजा करू द्यावीत की नाही, हा वाद २०२५ च्या वीजदर-सुनावणीच्या निमित्ताने आपल्याकडे उद्भवला आणि सोलर बसवलेल्या ग्राहकांत मोठी अस्वस्थता पसरली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना वाहिनीत सोडलेल्या विजेचा मोबदला पुष्कळच घटवला, आणि त्यानंतर तेथे नव्या संचांसोबत बॅटरी घेण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. आपल्याकडेही तसे घडू शकेल. परंतु घडू शकणाऱ्या बदलासाठी आजच मोठी रक्कम अडकवण्याचे कारण नाही. नवा संच घेणाऱ्याने इन्व्हर्टर तेवढा हायब्रिड घ्यावा, म्हणजे बॅटरी पुढे केव्हाही जोडता येते. आणि ज्याचा जुना संच चालू आहे त्याला तो न काढता बॅटरीचा स्वतंत्र इन्व्हर्टर बसवण्याचा मार्ग मोकळा असतो, फक्त दोन्ही इन्व्हर्टरांचा मेळ बसतो की नाही याची खातरजमा आधी केली पाहिजे.

ज्यांना पुरवठ्याच्या अनिश्चिततेमुळे बॅटरी घेणे भागच आहे, त्यांनी तिचा आकार छपराकडे पाहून नव्हे, तर गरजेकडे पाहून ठरवावा. कमी वीज खाणारे, तीस वॉटचे तीन पंखे रात्रीचे आठ तास, नऊ वॉटचे सहा दिवे पाच तास, मोबाइल आणि राउटर, तसेच फ्रिजला लागणारे अर्धे-पाऊण युनिट, एवढी बेरीज दोन युनिटांच्या आत बसते. गिझर, वातानुकूलन यंत्र आणि पाण्याचा पंप या तीन वस्तू त्या बेरजेतून वगळून अत्यावश्यक वस्तूंची वायरिंग स्वतंत्र केली, तर तीन युनिटांची बॅटरी साध्या कुटुंबाला पुरते. भारनियमनाच्या दिवसांत घराघरांत आलेल्या १५० अँपिअर-अवर ट्यूब्युलर बॅटरीत नावापुरती १.८ युनिटे असतात, पण तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वापरावी लागतात, आणि भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने ती मोकळ्या हवेत ठेवावी लागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी महाग खरी, पण तिच्यातील आठ-नऊ दशांश वीज निर्धास्तपणे वापरता येते, ती हजारो वेळा भरता येते आणि अन्य लिथियम प्रकारांच्या तुलनेत पेट घेण्याचा संभवही तिच्यात कमी असतो. कडक उन्हात तापणाऱ्या गच्चीवरच्या खोलीत मात्र तिला ठेवू नये. उष्णता हा प्रत्येक बॅटरीचा शत्रू आहे.

आता कोकणाकडे वळू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब उन्मळून पडले, आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून नळाला पाणी नाही, भ्रमणध्वनी बंद म्हणून मुंबईतल्या मुलांना आईवडिलांची खुशाली कळत नाही, अशी ती अवस्था होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने त्याच किनाऱ्याला पुन्हा झोडपले. पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा आणि सुकी मासळी यांची बेगमी करून ठेवणाऱ्या कोकणातील माणसाला साठ्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. त्याच्याकडे विजेची बेगमी करण्याचे साधन तेवढे नसते. वस्तुतः अशा संकटात छोटी बॅटरीही फार मोठे काम करते, कारण वादळ ओसरून ऊन पडले की पॅनेल तिला दररोज नव्याने भरतात आणि वाहिनी दुरुस्त होईपर्यंत घर स्वतःच्या पायावर उभे राहते. अर्थात पॅनेलांचा सांगाडा वाऱ्याचा वेग लक्षात घेऊन भक्कम बांधला गेला पाहिजे, आणि कौलारू घरांसाठी त्याची वेगळी तजवीज करावी लागेल.

सूर्यघर योजनेचे अनुदान पॅनेलांच्या क्षमतेवर मोजले जाते, बॅटरीवर नव्हे. शहरांपुरता हा शिरस्ता मला योग्य वाटतो. तेथे साठवण हे सार्वजनिक काम आहे आणि ते मोठ्या प्रमाणावरच स्वस्त पडते. घाटघरला सह्याद्रीच्या कड्यावर चढवलेले पाणी गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॉट वीज देणारा प्रकल्प महाराष्ट्राने २००८ मध्येच कार्यान्वित केला आहे. पण किनाऱ्यावरच्या एकाकी वाडीला घाटघरचा उपयोग तारा शाबूत असेतोवरच. म्हणून राज्य शासनाला माझी विनंती अशी आहे की, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत, तसेच पावसाळ्यात वारंवार संपर्क तुटणाऱ्या डोंगराळ तालुक्यांत, तीन युनिटांपर्यंतच्या बॅटरीला आणि हायब्रिड इन्व्हर्टरला राज्याने आपल्या निधीतून स्वतंत्र अनुदान द्यावे, आरंभ गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांपासून आणि नळपाणी योजनांच्या पंपांपासून करावा, आणि याची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच करावी.