शब्दयोगी अव्ययाची दहशत

‘डिफरंट’ हा इंग्रजी शब्द आता आपल्याकडे शाळकरी पोरापासून साडीच्या दुकानातल्या विक्रेत्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. तो एकटा असला तर कोणाचे काही बिघडत नाही. ‘हा रंग जरा डिफरंट आहे’ म्हटले की काम झाले. पंचाईत होते ती पुढे काय लावायचे तिथे. ‘डिफरंट फ्रॉम’, ‘डिफरंट टू’ की ‘डिफरंट दॅन’? भले भले पदवीधर इथे येऊन अडखळतात आणि घसा खाकरून मराठीत शिरतात. दोन-तीन अक्षरांच्या शब्दाची एवढी दहशत कशासाठी, हा प्रश्न मला बँकेतल्या नोकरीपासून सतावत आला आहे.

आधी नियम सांगून टाकतो, म्हणजे रविवारच्या चहाबरोबर एक तरी गोष्ट पक्की हाती लागेल. ‘फ्रॉम’ जगात सगळीकडे चालते. इंग्लंडात बोलताना ‘टू’ सर्रास ऐकू येते, अमेरिकेत ‘दॅन’. पुढे नुसते नाम न येता अख्खे उपवाक्य येणार असेल, तर ‘दॅन’ सोयीचेही पडते. परीक्षेला बसणाऱ्याने ‘फ्रॉम’ लिहावे आणि निर्धास्त राहावे.

आता ‘फ्रॉम’च का? याला जुन्या मास्तरांचे ठरलेले उत्तर होते. ‘डिफर’ हा शब्द लॅटिनमधून आला, त्यातल्या ‘डिस’चा अर्थ ‘दूर’, म्हणून ‘फ्रॉम’. ऐकायला चोख वाटते. पण मग ‘अव्हर्स’ या शब्दाचे काय? त्यातल्या ‘अ’चाही लॅटिन अर्थ ‘पासून, दूर’ असाच आहे, तरी इंग्रज बिनदिक्कत ‘अव्हर्स टू’ म्हणतो. म्हणजे इथे तर्क नाही, वहिवाट आहे. इंग्रजी वापराचा दंडक म्हणून ज्यांच्या कोशाकडे बोट दाखवले जाते, त्या फाउलर यांनीच १९२६ साली ‘डिफरंट टू’ला चूक म्हणणे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असा निर्वाळा देऊन ठेवला. इंग्रजांनी सोडून दिलेले सोवळे आपण मात्र अजून नेसून बसलो आहोत.

आपला माणूस ‘दॅन’ म्हणतो, ते काही अडाणीपणाने नव्हे. त्याच्या मनात ‘पेक्षा’ असते. ‘हा त्याच्यापेक्षा वेगळा’, म्हणून ‘डिफरंट दॅन’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ’, ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. या चुकांत गोंधळ नाही, त्यात आईच्या भाषेचे शिस्तशीर व्याकरण आहे. गंमत म्हणजे आपल्या पंचमीतला ‘हून’ थेट इंग्रजी ‘फ्रॉम’चा भाऊ शोभतो. ‘त्याच्याहून वेगळा’ म्हणा, की ‘डिफरंट फ्रॉम’ आपसूक जिभेवर येईल. ‘पासून’ मात्र जपून वापरावे. मुलगा बापापेक्षा वेगळा असला तर ती स्वभावाची गोष्ट. बापापासून वेगळा झाला तर चूल आणि रेशनकार्ड दोन झाली!

याचा अर्थ हे छोटे शब्द कसेही वापरावेत असा नाही. जिथे त्यांच्यावर पैसा ठरतो तिथे मी त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिलो आहे. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे एकविसावे कलम पाहा. हुंडीवर ‘अ‍ॅट साइट’ असेल तर समोर ठेवताक्षणी पैसे मोजायचे. ‘तीस दिवस आफ्टर साइट’ असेल तर हुंडी स्वीकारल्यापासून तीस दिवस, आणि वर सवलतीचे तीन दिवस. ‘अ‍ॅट’च्या जागी ‘आफ्टर’ आले, की व्यापाऱ्याचा महिनाभराचा पैसा अडकला. आपल्या सराफांना हे इंग्रजांनी शिकवले नाही. दर्शनी हुंडी वेगळी, मुदती हुंडी वेगळी. धनीजोग वेगळी, शाहजोग वेगळी, हे पेढीवरच्या गुमास्त्याला पाठ असे. ‘जोग’ या एवढ्याशा शेपटावर पैसे कोणाच्या हाती पडायचे ते ठरत असे.

तेव्हा छोट्या शब्दांच्या दोन जाती मानाव्यात. एक अर्थ बदलणारी, दुसरी फक्त रिवाज सांगणारी. पहिलीत चूक झाली तर नुकसान होते. दुसरीत चूक झाली तर नुकसान काहीच होत नाही, फक्त कोणाला तरी हसायला मिळते. आणि आपल्याकडे सगळी कडक तपासणी नेमकी या दुसऱ्या जातीचीच चालते.

पदोन्नतीच्या मुलाखती घेणाऱ्या एका मंडळावर मी होतो. समोर मराठवाड्यातल्या खेड्यात शाखा सांभाळणारा अधिकारी. दुष्काळी भागातली पीककर्जे शहरातल्या कर्जांपेक्षा वेगळी का हाताळावी लागतात, हे तो सांगू लागला आणि ‘डिफरंट दॅन’ म्हणाला. मंडळातल्या एका सभासदाने हसून ‘फ्रॉम’ अशी दुरुस्ती केली. झाले. पुढची दहा मिनिटे तो माणूस कर्जाविषयी बोललाच नाही, प्रत्येक वाक्याआधी योग्य अव्यय शोधत राहिला. जे ऐकायला आम्ही बसलो होतो ते त्याच्या पोटातच राहिले. गुण मांडताना माझे आकडे एकटे पडले आणि त्या वर्षी त्याची बढती हुकली. दुरुस्ती बरोबर होती, पण त्या टेबलावर तिचे काम नव्हते.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली, ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला नाहीतर रेन-मार्टिनचे व्याकरण काखेत मारून. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून शिकवतात. चार वर्षे अलीकडे आली, पण भीती कमी झालेली दिसत नाही. उलट ‘आपल्यासारखी फजिती पोराची नको’ एवढ्याच कारणाने पोटाला चिमटा घेऊन महागड्या शाळांच्या फिया भरणारे आईबाप मी पाहतो. आणि तेच पोर पुढे पाहुण्यांसमोर आईचे इंग्रजी दुरुस्त करते, तेव्हा घरात सगळे कौतुकाने हसतात. त्या माउलीच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही.

दुसरीकडे दूरदर्शन संचावरच्या मालिकेत कोणी ‘माझी मदत कर’ म्हणते आणि आपल्या कानाला खुपत नाही. मराठीत आपण ‘मला मदत’ करतो. ‘माझी मदत’ ही हिंदीची उसनवारी. परक्याच्या ‘टू’साठी जीव टांगणीला लावायचा आणि घरची चतुर्थी निघून गेली तरी पत्ता नाही, हा कुठला न्याय? यासाठी कोणाला फटकारावे असे मी म्हणत नाही. मोजमाप एकच असावे, इतकेच.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. दस्तऐवजावर सही करताना ‘अ‍ॅट’ आणि ‘आफ्टर’ चष्मा पुसून वाचा. मुलांना ‘डिफरंट फ्रॉम’ जरूर शिकवा, पण दुरुस्ती करायची ती एकांतात, आणि त्याचे सांगणे पुरते ऐकून झाल्यावर.